नवा धंदा काढताय? आधी सुट्टीची किंमत काढा

नागपुरातली माझी कूलर बनवायची शेड एक दिवस बंद ठेवायला उन्हाळ्यात मला ४,५०० रुपये लागतात आणि एरवी १,०५०. हा आकडा मी धंद्याच्या सहाव्या वर्षी काढला. त्याआधी पाच वर्षं सुट्टी "मिळाली तर" घ्यायची असं चाललं होतं, आणि ती काही मिळत नव्हती.

दरवर्षी दिवाळीनंतर दोन-चार जण शेडवर येतात. कुणी आयटीआय करून आलेला, कुणी बुटीबोरीच्या एमआयडीसीतली नोकरी सोडलेला. मागच्या वर्षी एक वहिनी आल्या होत्या. घरून पापड-मसाले करतात, आता गाळा घ्यायचा म्हणाल्या. पत्रा कुठून आणता, मोटर कोणती लावता, बँक किती देते, हे सगळं विचारून होतं. मग चहाचा कप खाली ठेवताना हळूच येतं, "भाऊ, घरचं कसं जमवता?" हा लेख त्या प्रश्नापुरता. उदाहरणं माझ्या धंद्यातली आहेत, पण टिफिन असो, शिकवणी असो की मोबाईलचं दुकान, वहीत मांडायची रीत तीच.

पहिली पायरी: एका बंद दिवसाचा हिशेब

वहीचं एक कोरं पान घ्या. दुकान बंद असलं तरी जो खर्च थांबत नाही तो लिहा. माझं असं आहे: शेडचं भाडं दिवसाला ३००, कायम माणसाची हाजरी ५००, कर्जाचं व्याज २००, विजेच्या मीटरचा स्थिर आकार ५०. झाले १,०५०. सीझनमध्ये यात बुडालेला नफाही धरायचा. दिवसाला तीन कूलर निघतात, एका नगामागे ११५० सुटतात, म्हणजे ३,४५०. एकूण ४,५००. पावसाळ्यात नफा धरत नाही, कारण सोमवारचं ग्रिलचं काम मंगळवारी केलं तरी गिऱ्हाईक कुठे जात नाही. मे महिन्यात मात्र आज कूलर मिळाला नाही तर माणूस पुढच्या दुकानातून घेऊन जातो.

आता वर्ष मांडा. सीझनचे १६ रविवार अर्धा दिवस बंद: ३६,०००. बाकी ३६ रविवार पूर्ण बंद: ३७,८००. सणावाराचे १२ दिवस: १२,६००. घरच्यांसोबत बाहेरगावी ६ दिवस: ६,३००. बेरीज ९२,७००. माझी वर्षाची विक्री २६ लाखांच्या आसपास असते, म्हणजे शंभर रुपयांच्या बिलात साडेतीन रुपये आणि वर थोडे पैसे. तेवढे मी भावात धरतो. पत्र्याचा भाव धरतो, टेम्पोचं भाडं धरतो, तसेच हेही धरतो.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, गिऱ्हाईक साडेतीन रुपये जास्त देणार नाही. देतं. मोटरचा भाव वाढला की आपण निमूट वाढवतोच ना. नवीन माणसाची अडचण वेगळी असते. पहिल्या वर्षी तो शेजारच्यापेक्षा स्वस्त देऊन गिऱ्हाईक ओढतो, आणि तो स्वस्तपणा नेमका त्याच्या रविवारातून आलेला असतो. पुढे भाव वाढवता येत नाही आणि रविवारही परत मिळत नाही. म्हणून ही पायरी पहिली. भाव एकदा बाजारात गेला की उशीर झाला समजा.

दुसरी पायरी: नागपूरचं वर्ष भिंतीवर लावा

"रोज संध्याकाळी सातला घरी" असा नेम पुस्तकात चांगला वाटतो. नागपुरात वर्ष सारखं चालत नाही, त्यामुळे दिवसही सारखे चालणार नाहीत. मी रोजचा समतोल सोडून दिला आणि वर्षाचा धरला. मोठं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, तीन रंगांचे पेन घ्या आणि बायको-आई-मुलांना समोर बसवून भरा. एकट्यानं भरू नका. माझ्या पहिल्या कॅलेंडरमध्ये सासऱ्यांचं वर्षश्राद्ध नव्हतं.

पहिल्या रंगानं धंद्याची गर्दी. माझी होळीच्या आधी कूलरच्या गवती ताट्या बदलण्यापासून सुरू होते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून पाऊस येईपर्यंत टिकते. कपड्याच्या दुकानाची लग्नसराई आणि दिवाळी, स्टेशनरीवाल्याचा जून, केटरिंगवाल्याचे मुहूर्ताचे दिवस. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर करारापासून आलेली ही गोष्ट. तेव्हा विधानभवनाच्या आसपासचे रस्ते, मोर्चे, भरलेली लॉजेस हे सगळं गृहीत धरा. खानावळ काढणार असाल तर तो तुमचा सीझन, सिव्हिल लाइन्सला माल पोचवणार असाल तर तीच तुमची डोकेदुखी.

दुसऱ्या रंगानं न हलणारे दिवस. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात, ते तीन दिवस पक्के. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा पोरांचा तान्हा पोळा पक्का. त्याच दिवशी इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवायचे मोठे पुतळे, निघतात. १८८० च्या दशकापासूनची ही मिरवणूक आहे. त्या दिवशी तिथून माल आणायचा बेत आखणारा माणूस नागपूरचा नाही असं समजावं. दसऱ्याला आमच्याकडे मशीनला झेंडूचा हार घालून पूजा होते, आणि माझा हेल्पर त्या दिवशी दीक्षाभूमीवर असतो. १९५६ साली १४ ऑक्टोबरला दसराच होता. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस. हेल्परच्या घरचे सगळे वस्तीतल्या मंडळासोबत बाहेरगावच्या लोकांना पाणी आणि जेवण वाटायला उभे राहतात. मी त्याला दसऱ्याला "फक्त दोन तास ये" असं एकदा म्हणालो होतो. तो आला. बोलला काही नाही. पुढच्या वर्षीपासून मी म्हणत नाही.

वेल्डर रोजे ठेवतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चभर होता, म्हणजे आमच्या ऐन घाईत. आम्ही वेळच बदलली: सहेरीनंतर सकाळी सहाला काम सुरू, दुपारी तीनला वेल्डिंग बंद. शुक्रवारी जुम्म्यासाठी एक ते अडीच तो नसतो, म्हणून शुक्रवारची डिलिव्हरी चारनंतर. यात उपकार कसला, हजेरीपटात आधीच माहीत असलेली गोष्ट आहे. ताजबागच्या दर्ग्याच्या उरुसाचंही तसंच.

तिसरा रंग विश्रांतीचा, आणि तो वेगळा ठेवायचं कारण आहे. महालक्ष्म्यांच्या आधीचे चार दिवस माझी बायको आणि आई फराळ, पूजेची मांडणी, जेवणाच्या दिवशीची सोळा भाज्यांची तयारी, पुरण, आंबील यात असतात. मी शेड बंद ठेवून घरी लोळत होतो आणि "आपण सुट्टी एकत्र घेतली" असं समजत होतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमची झाली सुट्टी. माझी कधी आहे?" सण ही सुट्टी नसते, निदान घरातल्या बायकांसाठी तरी नाहीच. तेव्हापासून विसर्जनानंतरचा एक दिवस आमच्याकडे तिसऱ्या रंगाचा असतो. स्वयंपाक बंद, जेवण बाहेरून.

मोठी सुट्टी कधी घ्यावी, याचं उत्तर नागपुरात सोपं आहे आणि फार कमी लोकांच्या लक्षात येतं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. माझा सीझन पहिल्या दोन चांगल्या सरींतच संपतो. म्हणजे पाऊस आणि शाळा यांच्यामध्ये आठ-दहा दिवस असे आहेत की गिऱ्हाईक नाही आणि मुलंही मोकळी. आम्ही तेव्हा चिखलदऱ्याला किंवा पचमढीला जातो. मेमध्ये शाळा बंद असतात म्हणून मेमध्येच जायचं, या हट्टापायी मी तीन वर्षं कुठेच गेलो नव्हतो. तुमच्या धंद्यातही अशी एखादी फट असणार, ती शोधा.

तिसरी पायरी: आठवड्याचे चोवीस तास

दुकानं आणि आस्थापनांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे. त्यानुसार दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यावी लागते. शिवाय वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसात ठरवलेल्या चार. तुमच्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला त्यातली सगळी कलमं लागोत न लागोत, मोजपट्टी म्हणून ती चांगली आहे. मालकाला सुट्टी देणारं कलम मात्र कुठल्याच कायद्यात नाही. म्हणून मी स्वतःचं नाव हजेरीपटात घातलं. रविवारी माझ्या नावापुढेही "सु" लिहिलेलं असतं.

वार कोणता, हे डोळे झाकून रविवार धरू नका. तुमचा कच्चा माल ज्या बाजारातून येतो तो कोणत्या वारी बंद असतो ते आधी विचारा. त्या दिवशी तसंही अर्धंच काम होतं. पण मुलांची शाळा, चर्चची प्रार्थना, विहारातली रविवारची वंदना हे रविवारीच असेल तर थोडं नुकसान सोसून रविवार घ्या. मंगळवारी घरी बसून भिंतीकडे बघण्यात काय मजा.

चौथी पायरी: फोन

दुकान बंद केलं आणि फोन चालू ठेवला तर सुट्टी झाली नाही. इथलं गिऱ्हाईक प्रेमळ आहे आणि हक्कानं बोलतं. "काहून बे, फोन काहून नाही उचलून राहिला?" असं रविवारी रात्री साडेनऊला विचारणारा माणूस सोमवारी दोन कूलर घेतो, हेही खरं.

म्हणून दोन नंबर. धंद्याचा नंबर वेगळ्या साध्या फोनमध्ये. तो फोन शेडमध्येच राहतो, घरी येत नाही. व्हॉट्सॲपवर बंद वेळेचा आपोआप जाणारा संदेश लावा, त्यात परत कधी उत्तर मिळेल ते लिहा. "लवकरच" लिहू नका, "सोमवारी सकाळी ९ नंतर" लिहा. वेळ कळली की माणूस थांबतो.

आता अपवाद. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना कुणाच्या घरी कूलरचा पंप जळला आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर ती खरीच अडचण आहे. तिथे माझ्या सुट्टीचं तत्त्वज्ञान चालत नाही. म्हणून सीझनमध्ये रविवारी दुपारनंतर आमच्यापैकी एक जण पाळीपाळीनं तयार असतो. त्याला त्या दिवसाचे ३०० रुपये वेगळे आणि आठवड्यात दुसरा अर्धा दिवस सुट्टी. मीही पाळीत आहे, चारातला एक. तुमच्या धंद्यातलं "खरंच अडलंय" म्हणजे काय, ते एका ओळीत लिहून ठेवा. लिहिलं नाही तर प्रत्येक फोन अडचणीचाच वाटतो. मोबाईलच्या टेम्पर्ड ग्लासला रविवारी रात्री काही अडत नाही.

पाचवी पायरी: दुपार

पुणेकरांच्या एक ते चारवर आम्ही जन्मभर हसलो. मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंगसमोर उभं राहिल्यावर हसू गेलं. १५ एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत आमची शेड सकाळी साडेसहा ते बारा आणि दुपारी साडेचार ते रात्री आठ चालते. नऊ तासच होतात. मधल्या वेळेत मी घरी जातो, आंघोळ करतो, जेवतो आणि झोपतो. कूलर बनवणारा माणूस दुपारी स्वतःच्या घरच्या कूलरसमोर झोपला, यात लाज कसली? धाकटीचा अभ्यासही याच वेळात होतो, कारण रात्री आठनंतर मी अभ्यास घ्यायच्या कामाचा नसतो.

ज्यांचं घर लांब आहे त्यांनी शेडमध्येच एक खाट आणि माठ ठेवावा. झोप न झालेल्या माणसानं ग्राइंडर हातात घेऊ नये. दोन सीझनपूर्वी हिंगणा नाक्याच्या सिग्नलवर मी गाडीवर बसल्या बसल्या झोपलो होतो. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवून उठवलं, आणि वर सांगितलं, "बाप्पा, घरी जाऊन झोपा ना." सल्ला फुकटचा होता, पण मी ऐकला.

सहावी पायरी: पैसा घरात कसा येतो

बरीचशी भांडणं वेळेवरून सुरू होतात आणि पैशावर येऊन थांबतात. धंद्याचं आणि घरचं बँक खातं वेगळं करा. स्वतःला ठरावीक पगार द्या, दर महिन्याच्या ५ तारखेला, सीझन असो नसो. मी उन्हाळ्याच्या नफ्यातून आठ महिन्यांचा पगार बाजूला काढून ठेवतो. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे उचलणं बंद झालं तेव्हा बायकोनं महिन्याचं नियोजन करायला घेतलं आणि माझ्या मागचा एक घोर कमी झाला.

सरकारी भरण्याच्या तारखा कॅलेंडरवर आधीच लिहा: टीडीएस (कापून घेतलेला कर) ७, पीएफ १५, जीएसटीचं मासिक ३बी विवरण २०. विक्री वर्षाला ५ कोटींपर्यंत असेल तर विवरण तिमाही भरायचा पर्याय आहे. सीएला विचारून तो घ्या, महिन्यातली एक रात्र वाचते.

उधारी हा मोठा चोर. चौथ्या वर्षी एका वसतिगृहाची चाळीस लोखंडी पलंगांची ऑर्डर होती. "पोळ्यानंतर लगेच पाहिजे" म्हणून त्यांनी घाई लावली. तान्ह्या पोळ्याला मी शेडमध्ये होतो. घरी मुलाचा लाकडी नंदी तसाच कोरा होता. शिंगांना बेगड नाही, पाठीवर झूल नाही. गल्लीतली पोरं आपापले बैल ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघाली तेव्हा आईनं नंदीला आपल्या जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला आणि त्याला तीन घरी फिरवून आणलं. पलंग त्यांनी अकरा दिवसांनी नेले. पैसे सात महिन्यांनी दिले. त्या सात महिन्यांतल्या किती संध्याकाळी वसुलीच्या फोनात गेल्या याचा हिशेब मी केला नाही, करवत नाही.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं: उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा माल घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याज लागतं. नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका. आता माझ्या प्रत्येक बिलाखाली ही ओळ छापलेली असते. सगळे वेळेवर देतात असं नाही, पण वसुलीचा फोन मी आता फक्त बुधवारी दुपारी करतो, घरून कधीच नाही.

सातवी पायरी: घरातूनच धंदा असेल तर

पापडवाल्या वहिनींनी माझा हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शेड बंद करून घरी येता. मी काय बंद करू?" बरोबर आहे. ज्या ओट्यावर गिऱ्हाईकाचा मसाला भाजायचा त्याच ओट्यावर मुलांचा डबा. तिथे कुलूप लावता येत नाही. आम्ही दोघांनी माझ्या बायकोला बसवून काढलेला उपाय असा. धंद्याचे तास ठरवून त्यानंतर धंद्याची भांडी आणि वजनकाटा एका पेटीत बंद करायचे. घरातलं एक काम, धुणं किंवा भांडी, पैसे देऊन बाहेर द्यायचं आणि तो पगार धंद्याच्या खर्चात लिहायचा, घरखर्चात नाही. पहिल्या पायरीच्या पानावर स्वतःच्या तासांची मजुरीही लिहायची. वहिनींनी लिहिली तेव्हा किलोमागे त्या चक्क तोट्यात निघाल्या. भाव वाढवला, दोन दुकानं सुटली, बाकीची राहिली. गाळा त्यांनी अजून घेतलेला नाही. घाईही नाही म्हणतात.

नवऱ्याला आणि सासूबाईंना हे पान दाखवा. तोंडी सांगितलेलं पटत नाही, आकडा पटतो.

पहिल्या वर्षी काय धरायचं

सगळं जमणार नाही. माझ्याकडून पहिल्या वर्षी एवढंच सांगणं: बंद दिवसाचा हिशेब, न हलणारे पाच दिवस, आणि रोजची सहा तास तरी झोप. बाकीचं दुसऱ्या वर्षी. देवाधर्माचं ज्यानं-त्यानं ठरवावं. माझी आई चतुर्थीला टेकडी गणपतीला जाते, मी तिला गाडीवर सोडतो आणि खाली उभा राहून फोन न बघता चहा पितो. माझी तेवढीच भक्ती आहे आणि मला ती पुरते.

बंदचे दिवस गिऱ्हाईकाला महिनाभर आधी कळले पाहिजेत, त्यासाठी दारावर पाटी लावा. मी आधी काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचो. एखादी चांगली ऑर्डर आली की फडकं फिरवायला वेळ लागत नसे. आता पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटनं लिहून घेतलं आहे: रविवार, पोळा, तान्हा पोळा, महालक्ष्म्या, दसरा. पेंटरनं दीडशे रुपये घेतले.